व्हायोलिनांना सुट्टी

नव्या ऑपेऱ्यात व्हायोलिन नाही, असं फिर्मां बर्सोनं तालमीच्या खोलीत येऊन सांगितलं, तेव्हा ऑन्तेल्म गोद्रीला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी घोटाळा झाला. त्या वर्षी त्याचे घोटाळे होतच होते. जानेवारीपासून बादशहानं क्रांतीचं पंचांग मोडीत काढून जुने महिने परत आणले होते. इतकी वर्षं घोकून पाठ केलेले महिने विसरायचे आणि पुन्हा मार्च-एप्रिल म्हणायला शिकायचं. आदल्याच आठवड्यात तो चुकीच्या दिवशी तालमीला आला होता आणि थिएटरच्या बंद दाराशी बराच वेळ उभा राहून, कोणी आलं नाही म्हणून सगळ्यांना शिव्या घालत घरी गेला होता. त्यामुळे आता त्यानं आधी शेजारच्याच्या तोंडाकडे पाहिलं. शेजारच्याचंही तोंड उघडंच होतं.

"नाही म्हणजे? कुठल्या प्रवेशात नाही?" मागून कोणीतरी विचारलं.

"कुठल्याच नाही," फिर्मां म्हणाला. "पडदा वर जाण्यापासून पडदा खाली येईपर्यंत नाही."

फिर्मां हा वाद्यवृंदाचा म्होरक्या. हातात व्हायोलिनचा गज घेऊन तोच सगळ्यांना ताल द्यायचा. त्याच्या चेहऱ्यावरून त्यालाही ही बातमी गोड लागली नव्हती हे दिसत होतं. त्यानं जे सांगितलं ते असं, की संगीतकार दार्वोन यांचा हा खेळ उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातला आहे. एक आंधळा म्हातारा सरदार धुक्यात हरवलेल्या मुलाला शोधत हिंडतो, एवढीच गोष्ट. व्हायोलिनचा आवाज म्हणजे उजेड, आणि धुक्यात उजेड कुठून येणार, असं दार्वोन यांचं म्हणणं. म्हणून व्हायोलिनच्या जागी सगळीकडे व्हिओले वाजतील.

धुक्याचं कोणाला नवल वाटलं नाही. त्या सुमाराला पॅरिसला उत्तरेकडच्या धुक्याचं आणि तिथल्या जुन्या वीरगाथांचं वेडच लागलं होतं. बादशहाला आवडतं म्हणून दरबाराला आवडायचं, दरबाराला आवडतं म्हणून दुकानदारांना. ऑन्तेल्मच्या गल्लीतल्या पाववाल्यानं आपल्या पोराला कुठल्याशा डोंगरी सरदाराचं नाव ठेवलं होतं आणि ते त्याला स्वतःलाच धड उच्चारता येत नव्हतं. पण धुक्यासाठी व्हायोलिनच काढून टाकायचं? भाजीत मीठ कमी घालणं वेगळं आणि भाजीच न घालणं वेगळं.

व्हायोलिनवाल्यांपैकी निम्म्यांना या खेळापुरती सुट्टी मिळाली. उरलेल्यांनी व्हिओला घ्यायचा होता. फिर्मां एकेकाकडे बोट दाखवत गेला आणि ऑन्तेल्मपाशी येऊन म्हणाला, "गोद्री, तुमचे हात लांब आहेत. तुम्ही व्हिओला घ्या."

व्हिओल्यापेक्षा ते 'तुम्ही' ऑन्तेल्मला जास्त लागलं. फिर्मां आणि तो जुने दोस्त. क्रांतीच्या दिवसांत तर हुकूमच होता, कोणी कोणाला अहो-जाहो करायचं नाही, सगळे नागरिक, सगळे अरे-तुरे. त्या दिवसांत दोघांनी एका ढोलाची दोन टोकं धरून अख्खं शहर पालथं घातलं होतं. पुढे हळूहळू 'नागरिक' जाऊन 'मोस्ये', म्हणजे साहेब, परत आला, आणि फिर्मां म्होरक्या झाल्यापासून तर त्याच्या तोंडी नुसतं 'तुम्ही' आणि 'आपण'. ऑन्तेल्मला नेमकं कोणाला काय म्हणायचं तेच कळेनासं झालं होतं. घरमालकिणीला एकदा चुकून 'नागरिक बाई' म्हणून गेला, तर तिनं आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला होता.

ऑन्तेल्मचा जन्म बर्गंडीतला. बाप दारूची पिंपं बनवायचा. पोराचा गळा गोड म्हणून कॅथेड्रलच्या गाणशाळेत घातला. आवाज फुटल्यावर तिथल्याच एका म्हाताऱ्या पाद्र्यानं त्याच्या हाती व्हायोलिन दिलं आणि ते त्याला असं लागू पडलं की विशीच्या आत तो पॅरिसला एका मार्क्वीच्या, म्हणजे बड्या सरदाराच्या, वाड्यावर वादक म्हणून लागला. तिथे वादक म्हणजे नोकरच. जरीचा कोट घालून जेवताना वाजवायचं आणि मग बशा आवरायला मदत करायची. मग क्रांती झाली. मार्क्वी एका पहाटे बायकोचे दागिने घेऊन सरहद्दीपार पळाला, बायकोला मात्र विसरला. ऑन्तेल्मनं तिसऱ्या दिवशी जरीचा कोट जाळला आणि 'आता मी स्वतंत्र' असं म्हणून रस्त्यावर आला. पण स्वतंत्र माणसाच्या व्हायोलिनला रस्त्यावर कोणी विचारीना. ते दिवस उघड्या मैदानावरच्या जलशांचे. हजारो माणसं गोळा व्हायची, तिथे तुताऱ्या, शिंगं आणि ढोल. व्हायोलिन वाजलं काय अन् न वाजलं काय, पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू जायचं नाही. म्हणून त्याला मोठा ढोल दिला. त्यानं तोही वाजवला. पुढे डोकी उडायची थांबली, थिएटरं पुन्हा नीट चालू लागली, तेव्हा कुठे व्हायोलिन परत हातात आलं. त्याला वाटलं, आता मरेपर्यंत हेच.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. पेरीन कपड्यांना कांजी करून इस्त्री करायची. तिचं बोट कधी भाजलं नाही आणि तिची जीभ कधी थांबली नाही. क्रांतीत झालरी गेल्या तेव्हा तिचा धंदा बसला होता. आता दरबार परत भरू लागला, झालरी परत आल्या, आणि तिच्या खोलीत दरबारी बायकांचे गळपट्टे दोरीवर वाळत होते. तिच्या लेखी राज्यकारभार ठीक चालला होता.

"व्हिओला म्हणजे तो उर्सां वाजवतो तोच ना? तो सगळ्यांच्या मागे बसून पेंगतो तो?" तिनं विचारलं.

"तोच."

"मग आता तूही पेंगणार?"

"पेंगायला कोण देतंय? आता तोच पुढे आहे. सगळं त्यावरच आहे."

पेरीननं इस्त्री निखाऱ्यावर ठेवली. "मला एक कळत नाही. व्हायोलिन नको होतं तर आधीच सांगायचं. तू लहानपणापासून शिकतोयस ते काय हे ऐकायला? तू विचारलंस का त्यांना, का म्हणून?"

"धुकं आहे म्हणे."

"धुकं," पेरीन म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघून पुन्हा इस्त्री उचलली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तालमी सुरू झाल्या. व्हिओला म्हणजे व्हायोलिनचाच थोरला भाऊ. अंगानं मोठा, आवाजानं घोगरा. खांद्यावर धरायची रीत तीच, पण हात लांबवर न्यावा लागतो आणि बोटं फाकवावी लागतात. संध्याकाळी ऑन्तेल्मचा डावा खांदा असा दुखायचा की सूप प्यायला चमचा उजव्याच हातानं धरायचा आणि पाव पेरीननं मोडून द्यायचा. पण दुखण्याचं एवढं नव्हतं. खरी आफत कागदाची होती. व्हिओल्याचे सूर वेगळ्या खुणेनं लिहितात. पाच रेषांमधल्या मधल्या रेषेवर टिंब दिसलं की ऑन्तेल्मची बोटं जन्मभर 'सि' हा सूर वाजवत आली होती. आता त्याच रेषेवर तो 'दो' होता. डोळे एक वाचत, बोटं दुसरंच करत, आणि कान तिसऱ्याच कशाची वाट बघत. जरा लक्ष ढळलं की बोटं आपल्या जुन्या वाटेनं चालू लागत, आणि हवा त्या सुराच्या दोन पायऱ्या वर भलताच सूर निघे.

त्याच्या शेजारी उर्सां बसायचा. वाद्यवृंदात व्हिओलेवाल्यांची टिंगल हा जुना रिवाज. व्हायोलिन जमेनासं झालं, दात पडले, कान गेले, की माणूस व्हिओल्याकडे जातो असं म्हणायचे. स्वतः ऑन्तेल्मनं उर्सांच्या व्हिओल्यात एकदा सुका वाटाणा टाकून ठेवला होता आणि उर्सांला तो दोन अंकांनंतर सापडला होता. आता याच उर्सांला त्यानं आपल्याला शिकवायची विनंती केली. उर्सां खूष होईल, फुशारकी मारेल, असं त्याला वाटलं होतं. पण म्हातारा घाबराघुबरा झाला होता.

"तुला काय सांगू बाबा," तो म्हणाला. उर्सांनं अरे-तुरे अजून सोडलं नव्हतं, किंवा सोडायचं असतं हेच त्याला कोणी सांगितलं नव्हतं. "तीस वर्षं मी इथे बसतोय. चुकलो तरी वरून तुमची व्हायोलिनं सगळं झाकून टाकायची. आता कोण झाकणार? मला झोप येत नाही रे."

त्याला शिकवता काही आलं नाही. कसं वाजवता असं विचारलं की म्हणायचा, बोटं ठेवतो आणि वाजवतो. मग दोघंही नुसते शेजारी बसून घाम गाळू लागले.

तालमींचे दिवस असे चालले असताना घरी वेगळाच गोंधळ उभा राहिला. ऑन्तेल्मची मुलगी बारा वर्षांची होत आली होती. ती जन्मली तेव्हा क्रांतीचं पंचांग नुकतंच सुरू झालं होतं. त्यात प्रत्येक दिवसाला संताऐवजी झाडाचं, जनावराचं किंवा अवजाराचं नाव दिलेलं. ती ज्या दिवशी जन्मली तो दिवस लसूणघासाचा होता, म्हणून बापानं मोठ्या उत्साहानं मुलीचं नाव ठेवलं ल्यूझेर्न, म्हणजे लसूणघास. त्या वर्षी ते नाव लोकांना फार आवडलं होतं. शेजाऱ्याच्या मुलाचं नाव फावडं होतं, त्याच्यापेक्षा तर बरंच. पण आता चर्च पुन्हा उघडली होती, मुलींना चर्चचा पहिला प्रसाद घ्यायला न्यायचं होतं, आणि त्याच्या आधी बाप्तिस्मा हवा होता. पाद्री तुर्निए यांनी पेरीनला शांतपणे सांगितलं, की घोड्याच्या चाऱ्याच्या नावानं ते कोणालाही देवापुढे उभं करणार नाहीत.

ऑन्तेल्मला वाटलं, पोरगी रडेल, नाव सोडणार नाही म्हणेल. मग बापानं काय करायचं याचा तो दोन दिवस विचार करत होता. पण ल्यूझेर्न टाळ्या पिटत नाचली. गल्लीतली पोरं तिला बघून इतकी वर्षं खिंकाळत आली होती. तिला ल्यूसी व्हायचं होतं आणि आजच व्हायचं होतं.

त्या रविवारी तिच्या डोक्यावर पाणी पडलं. पाद्र्यानं "ल्यूसीचे वडील" म्हणून हाक मारली तेव्हा ऑन्तेल्म जागचा हलला नाही. हे कोण बोलावतायत म्हणून तो मागे वळून बघत होता. पेरीननं कोपर मारलं.

घरी येताना त्यानं सवयीनं हाक मारली, "ल्यूझेर्न, सांभाळ, गाडी येतेय."

"बाबा, मी ल्यूसी," ती म्हणाली.

"हो. पण तू गाडीखाली आली असतीस तर?"

"तर ल्यूसी आली असती. ल्यूझेर्न नाही."

मुलीचा पहिला शब्द, पहिलं पाऊल, गोवर, सगळं ल्यूझेर्नचं होतं. ही ल्यूसी त्याच्या घरी आज आली होती, आणि पेरीनला त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्याला आपल्या गल्लीची आठवण झाली. ती सँ-फियाक्रची, म्हणजे संत फियाक्रची गल्ली. क्रांतीत सगळ्या गल्ल्यांचे संत काढून टाकले तेव्हा उरलं नुसतं फियाक्र, आणि फियाक्र म्हणजे भाड्याची घोडागाडी. इतकी वर्षं तो घोडागाडी गल्लीत राहिला होता. आता संत परत आले. घर तेच, जिना तोच, जिन्यातला कांद्याच्या सुपाचा वासही तोच. मग बदललं ते काय, हे त्याला विचारायचं होतं, पण कोणाला विचारायचं ते ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात पहिला प्रयोग लागला. थिएटर खच्चून भरलं होतं. व्हायोलिनशिवायचा ऑपेरा ही बातमी कॉफीच्या दुकानांतून आधीच फिरली होती. कोणी कौतुक करायला आले होते, कोणी तमाशा बघायला. फिर्मां हातात नुसता गज घेऊन उभा होता. व्हायोलिन नसल्यामुळे डाव्या हाताचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. कधी तो पाठीमागे नेत होता, कधी खिशात.

पडदा वर गेला. पहिल्या सुरापासून सभागृहात चुळबुळ सुरू झाली. तो आवाज कोणाच्या ओळखीचा नव्हता. सगळं खालून येत होतं. पाण्याखालून बोलल्यासारखं, घोंगडीखाली पुटपुटल्यासारखं. आंधळा सरदार गात होता आणि त्याच्या गाण्याच्या वर काहीच नव्हतं. ज्या जागी दरवेळी व्हायोलिनं चमकायची ती जागा मोकळी होती. प्रेक्षकांतली काही माणसं मान वर करून बघत होती, जणू वरून काही यायचं राहिलंय. मधेच कोणीतरी ओरडलं, दिवे लावा. हशा झाला. दुसऱ्या कोणी त्याला गप्प केलं.

ऑन्तेल्मला यातलं थोडंच कळत होतं. तो कागदाला डोळे लावून बसला होता. तरी एकदा त्याच्या लक्षात आलं, की आपण एवढी वर्षं वाद्यवृंदात बसलो, पण संगीत आतून कसं असतं ते ऐकलं नव्हतं. व्हायोलिन सतत वरच्या चालीमागे धावायचं. खाली काय चाललंय ते बघायला वेळच नसे. आता तो तळाशी होता आणि तिथे माणसांची दाटी होती. चार-चार आवाज एकमेकांना चिकटून हळू चालले होते. शेजारी उर्सां डोळे मिटून वाजवत होता. म्हातारा एकदाही चुकला नाही.

आणि याच विचारात त्यानं पान उलटलं, तेव्हा त्याची बोटं जुन्या वाटेनं चालू लागली. त्याला कळेपर्यंत दोन ओळी होऊन गेल्या होत्या. बाकी सगळे खाली होते, आणि त्याचा एकट्याचा व्हिओला दोन पायऱ्या वर, हलक्या आवाजात, भिऊन, तरंगत चालला होता. मधेच थांबावं तर ते अधिकच ऐकू गेलं असतं. म्हणून त्यानं तो सूर हळूहळू बारीक करत नेला आणि मग गुपचूप खाली इतरांत येऊन मिसळला. फिर्मांची नजर त्याच्यावर आली आणि तिथेच अडकली.

खेळ संपला. टाळ्या पडल्या, शिट्ट्याही पडल्या. ऑन्तेल्मनं व्हिओला पेटीत ठेवला आणि नोकरी गेली असं मनाशी ठरवून टाकलं. पण जिन्यात त्याला माणसांचा एक घोळका भेटला. मधे एक जाडजूड गृहस्थ हातवारे करून सांगत होते, की बाकीचं काहीही म्हणा, पण म्हातारा मुलाला हाक मारतो तिथे वरून जी एक अंधुक रेघ येते, धुकं क्षणभर फाटल्यासारखी, ती केवळ अप्रतिम. ती कल्पना दार्वोनलाच सुचू शकते. बाकीचे माना डोलावत होते. ऑन्तेल्म तिथेच पायरीवर उभा राहिला. त्याला हसू येईना आणि रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिर्मांनं सगळ्या व्हिओलेवाल्यांना बोलावलं. दार्वोन स्वतः आले होते. बारीक चणीचा, खोकणारा माणूस. त्यांच्या कोटाची एक बाही शाईनं भरलेली होती. त्यांनी विचारलं की त्या हाकेच्या जागी काल कोणी काय केलं. त्यांनी लिहिलं होतं ते हे नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. ऑन्तेल्म उठून उभा राहिला आणि त्यानं सांगितलं, की माझी बोटं व्हायोलिनची आहेत, ती चुकली, मोस्येंनी माफ करावं.

दार्वोन यांनी बाकीच्यांना जायला सांगितलं आणि ऑन्तेल्मजवळ येऊन उर्सांच्या खुर्चीवर बसले.

"आज पुन्हा तसंच करता येईल का?" त्यांनी विचारलं.

"चूक? मुद्दाम?"

"हो. तीच."

ऑन्तेल्मला वाटलं, ते चिडवतायत. पण माणूस गंभीर होता. मग त्यालाच धीर आला आणि तो विचारून बसला, की व्हायोलिनं काढायची कशासाठी होती. घरी बायको विचारते, तिला काय सांगू ते कळत नाही.

दार्वोन यांनी बाहीवरची शाई खरवडली. "लोकांना मी धुकं सांगितलं," ते म्हणाले. "काहीतरी सांगावं लागतं. खरं म्हणजे वाजल्याशिवाय मलाही कळणार नव्हतं. तुम्ही आत बसला होतात. तुम्हाला कळलं का?"

"नाही मोस्ये."

"मलाही नाही. मी मागे उभा होतो. एकदा वाटलं, जे शोधत होतो ते हेच. मग वाटलं, सगळ्यांना सर्दी झालीय."

त्या दिवशी संध्याकाळी ऑन्तेल्मनं ती चूक मुद्दाम केली. दुपारभर तिची तालीम केली होती. बोटं बरोबर चुकीच्या जागी पडली, सूर अगदी दोन पायऱ्या वर आला, आणि ऐकायला असा लागला की जणू कोणी शहाणा पोरगा वडिलांना दुरुस्त करतोय. प्रेक्षकांत कोणी हललं नाही. नंतर आतल्या बोळात दार्वोन भेटले, त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "काल तो सूर वाट चुकला होता. आज त्याला वाट माहीत होती. सोडून द्या." पुढच्या प्रयोगांत त्यानं लिहिलेलं होतं तेच वाजवलं. तरी जिन्यातले ते जाडजूड गृहस्थ पुन्हा आले होते, आणि आजही ती रेघ ऐकली, असं दोस्तांना सांगत होते.

ऑपेरा उन्हाळा लागायच्या आत बंद झाला. फार वाईट चालला असंही नाही आणि चांगला चालला असंही नाही. लोक एकदा येत, गोंधळून घरी जात, आणि दुसऱ्यांदा कोणी येत नसे. पुढचा खेळ एका इटलीच्या संगीतकाराचा होता, गमतीचा, लग्नाचा, व्हायोलिनांनी ठासून भरलेला. सुट्टीवर गेलेले सगळे परत आले. फिर्मांनं ऑन्तेल्मची जुनी खुर्ची पुसून ठेवली होती, आणि तो हळूच म्हणाला, "ये, बस." इतक्या वर्षांनी अरे-तुरे केलं. दोघंही थोडे ओशाळले.

ऑन्तेल्मनं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. ते खेळण्यासारखं हलकं लागलं. पहिला सूर काढला आणि त्यानं डोळे बारीक केले. आवाज कानाच्या फार जवळ होता, फार उजेडाचा होता, तळघरातून एकदम अंगणात आल्यासारखा. त्यानं तो दिवस काढला. दुसराही काढला. चाल वर धावत होती आणि तो तिच्या मागे धावत होता, पण त्याचे कान खाली लागले होते, जिथे उर्सां आणि त्याचे दोघे-तिघे पुन्हा कोणाला ऐकू न येता वाजवत होते.

शरद ऋतूत उर्सांनं नोकरी सोडली आणि तो बहिणीकडे गावी राहायला गेला. जाताना त्यानं सगळ्यांना सांगितलं, की आपण एकदा ऐकू गेलो, आता पुरे. त्याची खुर्ची मोकळी झाली, आणि ऑन्तेल्म फिर्मांकडे जाऊन ती मागून बसला.

"खुळा आहेस का?" फिर्मां म्हणाला. "व्हायोलिन सोडून कोणी व्हिओल्याकडे जातं का? लोक म्हणतील, गोद्रीचे कान गेले."

"म्हणू देत."

"कारण काय पण?"

"खांदा आता त्यालाच सरावलाय," तो म्हणाला.

घरी पेरीन आधी भडकली, मग चिंतेत पडली. मागच्या रांगेतल्या नवऱ्याची बायको म्हणून गल्लीत काय तोंड दाखवायचं, असं म्हणाली. ल्यूसीनं वडिलांची बाजू घेतली, पण तिची कारणं वेगळी होती. व्हायोलिनच्या सरावानं तिला सकाळी झोपायला मिळत नसे, व्हिओला तिला झोपेत बरा वाटायचा. शेवटी पेरीननं नाद सोडला. नवऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे तिला लग्नाच्या दिवसापासून कळलं नव्हतं, आणि त्यामुळे काही अडलंही नव्हतं.

तो त्या खुर्चीवर पुष्कळ वर्षं बसला. बादशहा गेला, राजा आला, बादशहा थोडे दिवस परत आला आणि पुन्हा गेला. दर वेळी थिएटरच्या पडद्यावरचं राजचिन्ह बदलायचं आणि सुतार शिव्या देत शिडीवर चढायचा. दार्वोन छातीच्या दुखण्यानं गेले. त्यांच्या अंत्यविधीला वाद्यवृंद गेला होता, तिथे व्हायोलिनं होती. ल्यूसीनं एका चाकं बनवणाऱ्याशी लग्न केलं आणि तिला झालेल्या मुलीला ऑन्तेल्म तिसऱ्याच नावानं हाक मारायचा. ते नाव फक्त त्या दोघांनाच माहीत होतं.

नवी पोरं वाद्यवृंदात आली की त्यांना कोणीतरी सांगायचं, हा म्हातारा पूर्वी चांगलं व्हायोलिन वाजवायचा. मग ती पोरं विचारायला येत, सोडलं का म्हणून. ऑन्तेल्म एकाला म्हणाला, तिकडे दाराची झुळूक लागते. दुसऱ्याला म्हणाला, चष्मा लागला. तिसऱ्याला म्हणाला, धुकं होतं, आणि त्याचा चेहरा बघून स्वतःच हसू लागला. खोटं बोलायचं असं काही त्याच्या मनात नव्हतं. त्या त्या वेळी त्याला तेच खरं वाटत असे.

पेरीननं मात्र एकदाच विचारलं. म्हातारपणी, एका थंडीच्या दुपारी, दोघं चुलीशी चेस्टनट भाजत बसले होते तेव्हा. तो ऑपेरा चांगला होता की वाईट होता, एवढं तरी सांग, असं ती म्हणाली. तिनं काही तो बघितला नव्हता, तेव्हा झालरींचा हंगाम होता.

"माहीत नाही गं," तो म्हणाला. "मी रोज विचार करतो, पण माहीत नाही."

पेरीननं एक चेस्टनट सोलला, निवायला फुंकर मारली आणि त्याच्या तळहातावर ठेवला. मग स्वतःसाठी दुसरा सोलायला घेतला.